सभेने लिहिलेले वाङ्मय : प्रेसबिटेरियन परंपरेतील सिद्धान्त, शासन आणि मिशन

१. प्रश्नाची मांडणी

मराठी वाङ्मयेतिहासात मिशनऱ्यांच्या लेखनाची दखल प्रामुख्याने दोन संदर्भांत घेतली जाते. पहिला संदर्भ अर्वाचीन गद्याच्या जडणघडणीचा आणि दुसरा एकोणिसाव्या शतकातील धर्मविषयक वादविवादांचा. या दोन्ही संदर्भांत लेखक ही एक व्यक्ती मानलेली असते : डॉ. जॉन विल्सन, रेव्ह. स्टीफन हिस्लॉप, बाबा पदमनजी. व्यक्तीच्या लेखनाला लावावयाच्या कसोट्याच मग या लेखनाला लावल्या जातात. भाषेवरील प्रभुत्व, युक्तिवादाचे बळ, पूर्वग्रह, प्रामाणिकपणा यांची चर्चा होते. ती आवश्यकच आहे. परंतु विल्सन आणि हिस्लॉप ज्या चर्चचे सेवक होते, त्या स्कॉटिश प्रेसबिटेरियन चर्चला स्वतःची एक लेखनपरंपरा होती, आणि त्या परंपरेतील सर्वांत अधिकारी लेखन व्यक्तीने नव्हे, तर सभेने केलेले होते. ही गोष्ट लक्षात घेतली नाही, तर मिशनरी लेखनाचा रोख कोणाकडे आहे, त्यात काय सांगितले आहे आणि काय गाळले आहे, याचा उलगडा होत नाही.

प्रेसबिटेरियन लेखनाचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात : सिद्धान्तविषयक, शासनविषयक आणि मिशनविषयक. हे तीन वर्ग शेजारीशेजारी मांडून पाहण्याची प्रथा आहे. त्यांच्यातील परस्परसंबंध मात्र कालक्रमाने पाहावा लागतो. या परंपरेचा मूळ सिद्धान्तग्रंथ मिशनविषयी स्वतंत्र प्रकरण देत नाही. मिशनची कल्पना चर्चमध्ये रुजली ती प्रस्ताव, ठराव, समिती आणि अहवाल या शासनविषयक लेखनप्रकारांच्या वाटेने. पुढे याच कल्पनेने मूळ सिद्धान्तग्रंथात बदल घडवून आणला. हा प्रवास सुमारे अडीचशे वर्षांचा आहे आणि त्यातील काही निर्णायक टप्पे भारतात घडले. त्या टप्प्यांचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. संस्थेची रचना आणि लेखनाचे प्रकार

‘प्रेसबिटर’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ वयाने वा मानाने मोठा माणूस. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘वडील’ हा शब्द योजलेला आहे. पिता आणि कुटुंबातील ज्येष्ठ या दोन्ही अर्थांच्या छटा त्या शब्दात सामावलेल्या असल्यामुळे मराठी वाचकाला ही संस्था घरगुती वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तिची रचना काटेकोरपणे घटनात्मक आहे. या चर्चमध्ये बिशप नाही. स्थानिक मंडळीचा कारभार पाळक आणि निवडलेले वडील यांची सभा पाहते. तिला ‘सेशन’ म्हणतात. अनेक मंडळ्यांची मिळून ‘प्रेसबिटरी’, अनेक प्रेसबिटरींचा ‘सिनॉड’ आणि सर्वांवर ‘जनरल असेंब्ली’ अशी ही उतरंड आहे. यांपैकी प्रत्येक सभा न्यायासनही असते. तिच्यापुढे तक्रारी येतात, साक्षी होतात, निर्णय दिले जातात आणि वरच्या सभेकडे अपील करता येते.

या रचनेतून विशिष्ट लेखनप्रकार जन्माला आले. खालच्या सभेने वरच्या सभेकडे पाठविलेल्या प्रस्तावाला ‘ओव्हर्चर’ म्हणतात. संमत झालेला ठराव ‘ॲक्ट’ होतो. अल्पमतात गेलेल्या सभासदाला आपली असहमती कारणांसह नोंदविण्याचा अधिकार असतो. १६९७ च्या ‘बॅरियर ॲक्ट’ नुसार कायमस्वरूपी परिणाम करणारा कोणताही बदल जनरल असेंब्लीला परस्पर करता येत नाही; तो प्रेसबिटरींकडे विचारार्थ पाठवावा लागतो. त्यामुळे अनेक हातांतून गेलेले, शब्द तोलून घेतलेले, विरोधकाचा आवाजही नोंदीच्या रूपाने सांभाळणारे गद्य हे या परंपरेचे वैशिष्ट्य ठरले.

सामूहिक लेखकत्वाची ही प्रथा प्रारंभापासूनची आहे. १५६० चे ‘स्कॉट्स कन्फेशन’ हे स्कॉटलंडमधील धर्मसुधारणेचे पहिले श्रद्धापत्र जॉन नॉक्स व अन्य पाच जणांनी चार दिवसांत सिद्ध केले. या सहाही जणांचे नाव जॉन होते, हा योगायोग इतिहासकार आवर्जून नमूद करतात. त्यापाठोपाठ आलेल्या ‘फर्स्ट बुक ऑफ डिसिप्लिन’मध्ये प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा असावी अशी योजना मांडलेली होती. १५७८ च्या ‘सेकंड बुक ऑफ डिसिप्लिन’ने, ज्यामागे अँड्र्यू मेल्व्हिल यांची प्रेरणा होती, राजसत्ता आणि चर्च यांची अधिकारक्षेत्रे वेगळी असल्याचे प्रतिपादन केले. शाळा आणि स्वतंत्र अधिकारक्षेत्र हे दोन्ही विषय पुढे भारतात नव्या रूपात उपस्थित झाले.

३. वेस्टमिन्स्टर : श्रद्धापत्र आणि प्रश्नोत्तरी

प्रेसबिटेरियन सिद्धान्ताचे प्रमाणभूत ग्रंथ स्कॉटलंडमध्ये नव्हे, तर लंडनमध्ये लिहिले गेले. यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडच्या पार्लमेंटने बोलाविलेली धर्मसभा जुलै १६४३ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे भरू लागली. सॅम्युएल रदरफर्ड, जॉर्ज गिलेस्पी, अलेक्झांडर हेंडरसन, रॉबर्ट बेली हे स्कॉटिश प्रतिनिधी तेथे उपस्थित होते. बेली यांच्या पत्रांतून या सभेतील दीर्घ वादांचे जिवंत चित्र मिळते. सर्वाधिक संघर्ष सिद्धान्तावर झाला नाही. तो शासनावर झाला. प्रत्येक मंडळी स्वायत्त असावी असे मानणारा छोटा गट एका बाजूस होता, चर्चवर अंतिम नियंत्रण राज्याचे असावे असे मानणारा गट दुसऱ्या बाजूस. गिलेस्पी आणि रदरफर्ड यांचे त्या वर्षांतील ग्रंथ याच वादांची फलिते होत.

सभेने सिद्ध केलेले ३३ प्रकरणांचे श्रद्धापत्र, १९६ प्रश्नांची मोठी प्रश्नोत्तरी आणि १०७ प्रश्नांची लहान प्रश्नोत्तरी हे या परंपरेचे आधारग्रंथ ठरले. श्रद्धापत्राला स्कॉटलंडच्या जनरल असेंब्लीने ऑगस्ट १६४७ मध्ये मान्यता दिली. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला यांतील लहान प्रश्नोत्तरी विशेष महत्त्वाची वाटावी. मानवी जीवनाच्या मुख्य हेतूपासून आरंभ करून दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना यांच्या विवरणापर्यंत ती जाते. तिचे प्रत्येक उत्तर स्वयंपूर्ण वाक्य असते. प्रश्नातील शब्द उत्तरात पुन्हा घेतलेले असतात, जेणेकरून उत्तर एकटे पाठ केले तरी अर्थ तुटू नये.

भारतीय परंपरेला प्रश्नोत्तररूप अपरिचित नव्हते. गुरुशिष्यसंवाद हा आपल्या तत्त्वचिंतनाचा जुना साचा आहे आणि ‘दासबोधा’तील श्रोत्याच्या आशंका मराठी वाचकाच्या ओळखीच्या आहेत. मात्र येथे एक मूलभूत भेद आहे. आपल्याकडे अज्ञ विचारतो आणि ज्ञाता उत्तर देतो. प्रश्न शिष्याच्या मनात उगवतो, म्हणून त्याला आशंकेचे रूप असते. प्रश्नोत्तरीत मात्र ज्ञाता विचारतो आणि शिकणाऱ्याने उत्तर द्यावयाचे असते. उत्तर आधीच ठरलेले असते व ते सभेने ठरविलेले असते. पहिल्या रूपाचे प्रयोजन संशयनिवृत्ती, तर दुसऱ्याचे सभासदत्व. हे दुसरे रूप मिशनशाळांतून भारतात आले, तेव्हा त्याबरोबर केवळ नवी शिकवण आली असे नाही. प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाचा, याविषयीची वेगळी धारणाही आली.

आता मिशनविषयी. श्रद्धापत्राच्या ३३ प्रकरणांत अन्यधर्मीयांमध्ये धर्मप्रसार करण्याच्या कर्तव्यावर एकही प्रकरण नाही. मोठ्या प्रश्नोत्तरीत प्रभूच्या प्रार्थनेतील देवराज्यविषयक मागणीचे विवरण करताना सुवार्तेचा जगभर प्रसार व्हावा अशी प्रार्थना सुचविलेली आहे. उपासनेच्या मार्गदर्शिकेतही तशाच आशयाची प्रार्थना आहे. म्हणजे १६४७ मध्ये मिशन ही प्रार्थनेची बाब होती, संघटित कर्तव्याची नव्हती.

४. १७९६ : एका प्रस्तावाचा पराभव

प्रार्थनेचे रूपांतर कर्तव्यात करण्याचा पहिला मोठा प्रयत्न मे १७९६ च्या जनरल असेंब्लीत झाला. फाइफ आणि मोरे या दोन सिनॉडांकडून परदेशी मिशनला अनुकूल ओव्हर्चर आले होते. ग्लॅड्सम्युअरचे पाळक जॉर्ज हॅमिल्टन यांनी त्यांना विरोध करताना असे प्रतिपादन केले, की संस्कृती आणि शिक्षण यांचा प्रसार झाल्यावाचून अप्रगत लोकांना धर्मतत्त्वे सांगणे हा उलटा क्रम होय. त्यावर वयोवृद्ध जॉन अर्स्किन यांनी बायबल मागवून घेतले आणि माल्टा बेटावरील लोकांमध्ये पौलाने काय केले, तो प्रेषितांच्या कृत्यांतील वृत्तान्त सभेला ऐकविला, असे सांगितले जाते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या त्या काळात मिशनच्या नावाने निघणाऱ्या मंडळ्या राजकीय कारस्थानांची केंद्रे बनतील, अशी भीतीही व्यक्त झाली. प्रस्ताव फेटाळला गेला.

ही घटना सामान्यतः संकुचित वृत्तीचा नमुना म्हणून सांगितली जाते. परंतु ती शासनविषयक लेखनाचा नमुना म्हणून वाचली, तर वेगळे काही दिसते. पराभूत प्रस्तावही सभेच्या वृत्तान्तात राहिला आणि त्यामुळे प्रश्न संपला नाही. त्याच वर्षी स्कॉटिश मिशनरी सोसायटीसारख्या स्वेच्छामंडळ्या स्थापन झाल्या. १८२४ मध्ये जनरल असेंब्लीने अखेर भारतातील मिशनला संमती दिली, ती एडिंबरोचे जॉन इंग्लिस यांच्या पुढाकाराने. इंग्लिस हे हॅमिल्टन यांच्याच मवाळ पक्षाचे होते. शिक्षण हे धर्मस्वीकृतीचे पूर्वसाधन आहे, या धारणेला त्यांनी मिशनविरोधी युक्तिवादातून काढून मिशनच्या योजनेत बसविले. १७९६ चा आक्षेप १८२४ मध्ये कार्यक्रम झाला. १८३० मध्ये कलकत्त्यास पोहोचलेल्या अलेक्झांडर डफ यांनी राममोहन रॉय यांच्या साहाय्याने जी इंग्रजी शाळा उघडली, तिचे मूळ या वादात आहे. भारतातील इंग्रजी शिक्षणाच्या इतिहासात डफ यांचे नाव येते. त्यामागील ही सभागृहीन वंशावळ मात्र सहसा सांगितली जात नाही.

५. अहवाल आणि त्याचा वाचक

मिशन चर्चचे झाल्याबरोबर मिशनऱ्याचे लेखन हे सभेला उत्तरदायी लेखन झाले. डफ यांनी १८३५ मध्ये जनरल असेंब्लीपुढे केलेले भाषण छापून सर्वत्र वाटले गेले. १८३९ मध्ये त्यांचा ‘इंडिया अँड इंडिया मिशन्स’ हा ग्रंथ आला. या ग्रंथातील हिंदुधर्माचे वर्णन आजच्या वाचकाला एकांगी आणि कठोर वाटते, व ते तसे आहेच. पण त्याची रचना वकिली स्वरूपाची का, याचे उत्तर त्याच्या श्रोतृवर्गात आहे. निधी मंजूर करणाऱ्या सभेला कार्याची निकड पटवून देणे हे त्याचे प्रयोजन होते. भारताचे वर्णन हा तेथे पुरावा आहे, विषय नव्हे.

मुंबईत १८२९ मध्ये आलेल्या जॉन विल्सन यांच्या लेखनात दोन श्रोतृवर्ग स्पष्टपणे वेगळे दिसतात. मोरभट दांडेकर यांच्या प्रतिपादनाला उत्तर म्हणून १८३२ मध्ये आणि साताऱ्याच्या नारायणरावांना उत्तर म्हणून १८३४ मध्ये लिहिलेली त्यांची पुस्तके प्रतिपक्षाला उद्देशून आहेत. त्यांत प्रतिपक्षाचे म्हणणे मांडून त्याचे खंडन करण्याची शिस्त आहे आणि ती आपल्याकडील पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या परिपाठाशी सहज जुळते. स्कॉटलंडमधील समितीला लिहिलेल्या पत्रांत आणि अहवालांत मात्र संख्या, नावे, शाळा, बाप्तिस्मे यांचा हिशेब असतो. १८३१ मध्ये विल्सन यांनी मुंबईत प्रेसबिटेरियन पद्धतीने एतद्देशीय मंडळी स्थापिली. म्हणजे वादग्रंथ लिहिले जात असतानाच नोंदवहीही उघडली गेली होती. आपल्या अभ्यासात वादग्रंथ आले. नोंदवही बहुतांशी बाहेर राहिली.

६. १८४३ : दोन न्यायासने

१८४३ हे वर्ष या परंपरेच्या इतिहासात निर्णायक आहे. मंडळीची इच्छा नसताना जमीनदाराने पाळक नेमावा काय, या प्रश्नावर स्कॉटलंडमध्ये दहा वर्षे चर्च आणि दिवाणी न्यायालये यांचा संघर्ष चालला होता. जनरल असेंब्लीने १८४२ मध्ये ‘क्लेम ऑफ राइट’ हे निवेदन संमत केले. आध्यात्मिक बाबींत दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही, हा त्याचा गाभा होता. मागणी अमान्य झाल्यावर १८ मे १८४३ रोजी चारशेहून अधिक पाळक वेतन, घरे आणि चर्चच्या इमारती सोडून बाहेर पडले व त्यांनी फ्री चर्चची स्थापना केली. भारतातील चर्च ऑफ स्कॉटलंडचे सर्व मिशनरी फ्री चर्चला मिळाले, आणि कलकत्ता व मुंबई येथील संस्थांच्या इमारती त्यांना गमवाव्या लागल्या.

त्याच वर्षी मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडे राहत होता. वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. पुढे श्रीपतला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी केलेला प्रयत्न व त्यावरून उठलेले वादळ मराठी वाचकाला परिचित आहे. हे प्रकरण आपण सामाजिक सुधारणेच्या इतिहासात वाचतो. प्रेसबिटेरियन लेखनाच्या संदर्भात ते वाचले, तर त्याला दुसरी बाजू येते. विवेकाच्या बाबतीत दिवाणी न्यायासनाचा अधिकार न मानणाऱ्या चळवळीचेच सेवक मुंबईत न्यायासनापुढे उभे होते. विवेक कोणाचा आणि कोणत्या वयापासूनचा, हा प्रश्न एडिंबरोच्या निवेदनात उद्भवला नव्हता, कारण तेथे वाद प्रौढ सभासदांच्या मंडळीचा होता. मुंबईत तो कुटुंब आणि जात यांच्या अधिकाराशी जाऊन भिडला. स्कॉटलंडमध्ये जी भाषा सत्तेविरुद्ध दुर्बलाची होती, ती येथे अनेकांना सत्तेच्या आश्रयाने आलेल्याची भाषा वाटली. एकाच सिद्धान्ताचा अर्थ स्थलांतराने कसा पालटतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

७. समता आणि तिची मर्यादा

प्रेसबिटेरियन शासनाचे मूलतत्त्व असे, की दीक्षित पाळकांमध्ये उच्चनीच भेद नाही. प्रेसबिटरीत प्रत्येकाचे मत एकच. हे तत्त्व भारतात आले, तेव्हा त्याचा अपरिहार्य निष्कर्ष असा होता, की दीक्षा मिळालेला भारतीय पाळक स्कॉटिश मिशनऱ्याच्या बरोबरीचा. धनजीभाई नौरोजी, नारायण शेषाद्री, बंगालमध्ये लालबिहारी दे यांना अशी दीक्षा मिळाली. परंतु शाळा, वेतने आणि निधी यांचा कारभार प्रेसबिटरीकडे नव्हता; तो मिशन कौन्सिलकडे होता, आणि मिशन कौन्सिल हे प्रेसबिटेरियन घटनेतील सभांपैकी नव्हे. १८५५ मध्ये दीक्षा मिळालेल्या लालबिहारी दे यांनी सहकाऱ्यांसह या कौन्सिलचे सभासदत्व मागितले. डफ यांनी त्याला विरोध केला.

हा वाद लक्षणीय ठरतो तो त्याच्या भाषेमुळे. भारतीय पाळकांनी मागणी केली ती दयेची अथवा अपवादाची नव्हे. चर्चच्या घटनेने दिलेले तत्त्व त्यांनी चर्चलाच दाखविले. पुढे ‘गोविंद सामंत’ ही बंगालच्या शेतकरी जीवनावरील इंग्रजी कादंबरी आणि बंगाली लोककथांचा संग्रह यांमुळे प्रसिद्ध झालेला लेखक प्रथम भेटतो तो एका सभेच्या वादात समानतेचा युक्तिवाद करणारा पाळक म्हणून. वासाहतिक काळातील भारतीय ख्रिस्ती लेखकाचा आवाज आत्मचरित्रांत आणि कादंबऱ्यांत शोधण्याची आपल्याला सवय आहे. तो निवेदनांत आणि असहमतीच्या नोंदींतही आहे, व तेथे तो अधिक निर्भीड असू शकतो.

८. सिद्धान्तग्रंथाकडे परत

मिशनच्या अनुभवाने सिद्धान्तावर काय परिणाम केला? अमेरिकेतील प्रेसबिटेरियनांनी राजसत्तेविषयीचा मजकूर १७८८ मध्येच बदलून घेतला होता. म्हणजे श्रद्धापत्र अपरिवर्तनीय नाही, हे मान्य झाले होते. स्कॉटलंडमधील युनायटेड प्रेसबिटेरियन चर्चने, ज्याचे मिशन १८६० पासून राजपुतान्यात काम करीत होते, १८७९ मध्ये एक खुलासेवजा ॲक्ट संमत केला. त्यात अन्य लोकांना सुवार्ता कळविणे हे स्पष्ट कर्तव्य सांगितले आहे. त्याच कलमात, जे नेहमीच्या साधनांच्या कक्षेबाहेर राहिले त्यांच्यावर देव दया करूच शकत नाही असे मानणे बंधनकारक नाही, असेही म्हटले आहे. जगाचा विस्तार प्रत्यक्ष पाहिलेल्या चर्चला निवडीचा कठोर सिद्धान्त जसाच्या तसा उच्चारणे कठीण झाले होते. १९०३ मध्ये अमेरिकेच्या उत्तरेकडील प्रेसबिटेरियन चर्चने श्रद्धापत्राला दोन नवी प्रकरणे जोडली : एक पवित्र आत्म्याविषयी, दुसरे देवाची प्रीती आणि मिशन यांविषयी. १६४७ मध्ये रिकामी राहिलेली जागा अशी भरली गेली.

लगेच पुढील वर्षी भारतात याहून धीट पाऊल पडले. १९०४ मध्ये निरनिराळ्या देशांच्या मिशनांतून उदयास आलेल्या मंडळ्यांची मिळून ‘प्रेसबिटेरियन चर्च इन इंडिया’ स्थापन झाली. तिने ३३ प्रकरणांच्या जागी अवघ्या बारा कलमांचे श्रद्धापत्र स्वीकारले. वेस्टमिन्स्टरसह मातृचर्चांच्या ग्रंथांचा त्याग केलेला नाही, ते अध्यापनास योग्य आहेत, असा निर्वाळा प्रास्ताविकात दिला. बंधन मात्र बारा कलमांचेच ठेवले. त्यांतील मानवनिर्मितीच्या कलमात सर्व माणसांचे मूळ एक असून ती परस्परांची भावंडे आहेत, असे विधान येते. वेस्टमिन्स्टरच्या सृष्टिविषयक प्रकरणात असे विधान नाही. जातिसंस्थेच्या देशात त्याची गरज का भासली, हे वेगळे सांगावयास नको.

हाच मजकूर १९०७ मध्ये प्याँगयाँग येथे स्वतंत्र प्रेसबिटरी स्थापन करताना कोरियन चर्चने आपलासा केला आणि तेथील प्रेसबिटेरियन घटनांत त्याला आजही स्थान आहे. भारतात ही चर्च १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आणि ती १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली. भारतात सिद्ध झालेला संहितापाठ अशा रीतीने कोरियातही रुजला. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा प्रभाव, या तौलनिक अभ्यासातील नेहमीच्या आकृतीत हे उदाहरण बसत नाही.

९. समारोप

वरील विवेचनातून अभ्यासपद्धतीविषयी दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी, की मिशनरी लेखनाचा विचार करताना ‘हे कोणी लिहिले’ याबरोबरच ‘हे कोणत्या सभेपुढे ठेवले गेले’ हा प्रश्न विचारावयास हवा. वादग्रंथ, अहवाल, ओव्हर्चर आणि श्रद्धापत्र यांचे वाचक भिन्न आहेत आणि त्यानुसार सत्याची मांडणीही भिन्न आहे. दुसरी गोष्ट अशी, की सामूहिक लेखकत्व असलेल्या अशा वाङ्मयात बदल शैलीतून दिसत नाही. तो कलमांच्या संख्येतून, नव्या प्रकरणातून, गाळलेल्या वाक्यातून दिसतो. १०७ प्रश्नांची ठरलेली उत्तरे घेऊन जी परंपरा भारतात आली, तिला येथील पाळकांनी तिच्याच घटनेच्या आधारे प्रश्न विचारले. प्रश्नोत्तरीतील भूमिकांची ही अदलाबदल सभांच्या कागदपत्रांत नोंदलेली आहे आणि साहित्याच्या अभ्यासकांनी ती वाचणे अगत्याचे आहे.